पडलेलं पाखरू: खंभातच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्यापासून दिल्लीच्या घारींपर्यंत

नेहमीप्रमाणे बोललेलंच इथे उतरवून काढलंय. फक्त 'म्हणजे', 'तर', 'बरं का' हे शब्द थोडे कमी केलेत. सगळे नाही काढले, नाहीतर तुम्हाला मी वाटणार नाही.

मार्च-एप्रिल सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो. बुलबुलाचं नाहीतर दयाळाचं पिल्लू, जमिनीवर बसलेलं, फोटो जरा हललेला, आणि खाली प्रश्न: 'याचं काय करायचं?' मग दहा मिनिटांत पंचवीस उत्तरं. दूध पाजा. हात लावू नका, आई परत घेणार नाही. हळद लावा. बास्केटमध्ये ठेवा. प्राणिसंग्रहालयात फोन करा. निसर्गाला त्याचं काम करू द्या. ह्या सगळ्या उत्तरांमागे चांगलाच हेतू असतो, पण त्यातली निम्मी त्या पिल्लाला मारू शकतात.

मला वाटलं, ही उत्तरं येतात कुठून ते शोधावं. पडलेलं पाखरू उचलायची आपली सवय किती जुनी आहे? उचललेल्या पाखराचं पुढे काय करायचं हे कोणी ठरवलं? आणि कोणतं पाखरू उचलायचं, कोणतं नाही, हे कसं ठरतं? आजचा भाग या तीन प्रश्नांचा.

खंभात, १६२३

सुरुवात गुजरातपासून करू. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होता, मूळ रोमचा. तुर्कस्तान, इराण करत करत तो १६२३ साली भारतात पोचला. खंभातला त्याने एक गोष्ट मुद्दाम वेळ काढून पाहिली, ती म्हणजे पक्ष्यांचं इस्पितळ.

त्याने पत्रात जे लिहून ठेवलंय ते थोडक्यात असं. जागा लहानशी होती. आजारी, लंगडे, एकटे पडलेले, तऱ्हेतऱ्हेचे पक्षी तिथे ठेवलेले होते. खर्च लोकांच्या दानातून चालायचा. पक्षी बरा झाला आणि तो रानातला असेल तर त्याला सोडून देत. पाळीव असेल तर कुणातरी सज्जन माणसाच्या घरी देत.

हे वाचताना मी थांबलो. कारण आज कोणत्याही वन्यजीव उपचार केंद्रात गेलात तरी पहिला नियम हाच सांगतात. रानातलं रानात परत गेलं पाहिजे. उपचार करून आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवणं ही शेवटची वाट. हा नियम आपण परदेशातून आणला असं मला वाटत होतं. तो चारशे वर्षांपूर्वी खंभातच्या एका खोलीत पाळला जात होता.

त्याच इस्पितळात देल्ला वाल्लेला सगळ्यात गंमत वाटली ती एका म्हाताऱ्याची. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, आणि समोर एक पेटी. पेटीत कापूस, आणि कापसात उंदराची अनाथ पिल्लं. ती इतकी लहान होती की त्यांना दुसरं काही खाता येत नव्हतं. म्हणून हा माणूस पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजत होता. मोठी झाली की सोडून देणार, असं त्याने पाहुण्याला सांगितलं.

उंदीर हं! गहू खाणारा, कपडे कुरतडणारा उंदीर. त्या माणसाने उपयोगी आणि निरुपयोगी अशी यादीच केली नव्हती. त्याच्या आधी, १५८० च्या दशकात भारतात फिरलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्यानेही गुजरातेत कुत्री, मांजरं आणि पक्ष्यांसाठी इस्पितळं असल्याचं लिहिलंय. म्हणजे हे एखाद्या विक्षिप्त माणसाचं खूळ नव्हतं. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांच्या पैशावर चालणारी ती एक पद्धत होती, आणि तिलाच पुढे आपण पांजरापोळ म्हणायला लागलो.

मुंबई, १८३२ ते १८८३

हीच पद्धत मुंबईत आली ती एका दंगलीच्या मागोमाग. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे पकडणारे घरातली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, आणि त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. लोक रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले, दुकानं बंद पडली. मुंबईच्या इतिहासात हिला कुत्र्यांची दंगल म्हणतात.

दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. एक पारशी, एक जैन. ती आजही तिथेच आहे. सी. पी. टँकच्या बाजूला गेलात तर एवढ्या दाटीत गायी आणि कबुतरं दिसतील.

पांजरापोळीची ताकद दयेत होती. जनावर आणा, आम्ही ठेवतो, मरेपर्यंत खायला घालतो. पण मोडलेला पंख कसा बसवायचा, कोणत्या पक्ष्याला काय खायला द्यायचं, कोणता पक्षी कुठून आला, हे नुसत्या दयेतून कळत नाही. त्याला वेगळी माणसं लागतात. ती मुंबईत पुढच्या पन्नास वर्षांत आली.

१८८३ च्या सप्टेंबरमध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. सहा इंग्रज, दोन मराठी डॉक्टर. मराठी डॉक्टर म्हणजे प्रार्थना समाजाच्या स्थापनेतले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, आणि डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांच्या सावत्र मुलीचं नाव रखमाबाई, ज्या पुढे स्वतः डॉक्टर झाल्या. या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. बीएनएचएस म्हणतात ती हीच. आपापले नमुने एकमेकांना दाखवायचे, टिपणं वाचायची, इतकाच सुरुवातीचा उद्देश.

त्याच दशकात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना सुरू झाला. १८८६ मध्ये त्याला लागून पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. म्हणजे एकाच शहरात, थोड्याच वर्षांत, तिन्ही गोष्टी हजर झाल्या. भुलेश्वरला दया होती, परळला औषध होतं आणि बीएनएचएसमध्ये नाव सांगणारी माणसं होती. फक्त तिघांची एकमेकांशी ओळख व्हायला फार वेळ लागला.

त्या आठ जणांतला एक मला विशेष आवडतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. 'ईहा' या नावाने लिहायचा. त्याने वाघ-सिंहांचं सोडून आपल्या बंगल्याच्या आवारातल्या मंडळींवर लिहिलं. पाली, कावळे, मुंग्या, वटवाघळं, चिमण्या. १९०० साली त्याचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. अंगणातला पक्षी हा बघण्याजोगा विषय आहे, त्यासाठी जंगलात जायची गरज नाही, हे आपल्याकडे छापून सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता.

खेतवाडीतली चिमणी

आता ज्या गोष्टीशिवाय भारतातल्या पक्ष्यांचा इतिहास सांगता येत नाही, ती. तुम्हाला माहीत असेलच, पण आज जरा वेगळ्या बाजूने बघू.

सालिम अली, जन्म १८९६, मुंबई. आईवडील लवकर गेले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे वाढले. मामा शिकारी, घरात बंदुका. पोराला छऱ्यांची एअरगन मिळालेली. त्यांच्या स्वतःच्या लहानपणच्या टिपणात एक नोंद आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या घरट्याबाहेर बसलेला चिमणा त्यांनी मारला. मादीने दुसरा नर आणला, तोही मारला. असे सात दिवसांत आठ नर. हे टिपण त्यांनी पुढे मोठेपणी, जसंच्या तसं, छापायला दिलं. कारण मारणारा पोरगा होता तरी निरीक्षण पक्कं होतं.

मग एके दिवशी पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही. खायला चालते की नाही हे विचारायला पोरगा मामाकडे गेला. मामालाही ओळखता येईना. त्याने चिठ्ठी देऊन बीएनएचएसचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. साल १९०८. मिलार्डनी पक्षी ओळखला, पिवळ्या गळ्याची चिमणी. पोराला हाकलून न देता त्यांनी कपाटं उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा खजिना दाखवला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक, आणि १९८५ मध्ये आत्मचरित्र, ज्याच्या नावातच पडलेली चिमणी आहे.

या गोष्टीत कोणी कुणाला वाचवत नाही. चिमणी मेलीच. पण हातात पाखरू घेऊन एका मोठ्या माणसाला 'हे काय आहे?' विचारणं, आणि त्या माणसाने वेळ देऊन नीट उत्तर देणं, ही साखळी तिथे आहे. ग्रुपवरच्या पंचवीस उत्तरांमध्ये नेमका तो एक प्रश्न कोणी विचारत नाही. पिल्लू कसलं आहे? बुलबुल किडे आणि फळं खातो, होला दाणे खातो, घुबड मांस खातं. पिल्लू कोकिळेचं असेल तर ते कावळ्याच्या घरट्यात वाढलंय, आणि ते बाहेर पडल्यावर कावळेच त्याच्या मागे लागलेले दिसू शकतात. आधी नाव कळलं तर पुढचं सुचतं.

लाल किल्ल्यासमोर

आता दिल्ली. चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर, दिगंबर जैन लाल मंदिर आहे. त्याच्या आवारात पक्ष्यांचा धर्मार्थ दवाखाना आहे. १९२९ साली सुरू झालेला, आताची इमारत १९५७ ची. खंभातच्या खोलीची ही थेट नात. कबुतरं, पोपट, चिमण्या, कोंबड्यासुद्धा. उपचार फुकट, आणि बरा झालेला पक्षी गच्चीवरून सोडून देतात. लोक रिक्षातून, स्कूटरवरून, बुटांच्या खोक्यात घालून पक्षी आणतात.

पण तिथे एक नियम आहे. शाकाहारी पक्षी दाखल करून घेतात, मांसाहारी पक्ष्याला फक्त बाहेरच्या बाहेर मलमपट्टी. घार, शिक्रा, घुबड यांना आत ठेवत नाहीत. नियमामागचं कारण समजतं. मंदिराच्या आवारात मांस आणता येणार नाही, आणि घारीला दाण्यांवर जगवता येणार नाही. त्या लोकांची श्रद्धा खोटी नाही. हजारो पक्षी त्यांनी वाचवलेत. पण उंदराला पिसाने दूध पाजणाऱ्या म्हाताऱ्यापासून इथपर्यंत येताना कुठेतरी यादी तयार झाली.

त्याच जुन्या दिल्लीत दुसरीही एक पद्धत आहे. मुसलमान कुटुंबं घारींना मांसाचे तुकडे हवेत उडवून खाऊ घालतात. ते पुण्याचं काम मानतात, त्याने संकट टळतं असं म्हणतात. अशा वातावरणात वाढलेले दोन भाऊ, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद. पोरवयात त्यांना जखमी घार सापडली आणि तिला कुठे दाखल करता येईना. ते दोघांच्या मनात राहिलं. पुढे त्यांनी स्वतःच घारींवर उपचार सुरू केले, वजीराबादच्या घराच्या तळघरात, जिथे त्यांचा साबणाच्या डब्यांचा छोटा कारखानाही होता. डॉक्टरकीचं शिक्षण नव्हतं. व्यायामाचा नाद होता, त्यामुळे स्नायू कुठे सुरू होतो, कंडरा कुठे चिकटतो याचा अंदाज होता. बाकी बघत-विचारत शिकले. २०१० मध्ये त्यांनी रीतसर संस्था केली. आजवर हजारो घारी तिथे येऊन गेल्या. शौनक सेन यांनी त्यांच्यावर केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कानला गाजला, आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनात होता. नसेल पाहिला तर पाहा.

मला या गोष्टीत दोन चांगल्या संस्था दिसतात. एक नाही म्हणाली म्हणून दुसरी जन्माला आली. मदतीचा इतिहास बराचसा असाच पुढे गेलाय.

यादी फक्त देवळात असते असंही नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवं परिशिष्ट होतं, उपद्रवी प्राण्यांचं. त्यात उंदीर-घुशींबरोबर आपला साधा कावळा होता. म्हणजे दहाव्याच्या दिवशी आपण ज्याची हात जोडून वाट बघतो, तो पिंडाला शिवला नाही तर ज्याला नवस बोलतो, त्याला कायद्याने कसलंही संरक्षण नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. पन्नास वर्षं लागली.

संक्रांतीनंतरचा मांजा

दिल्लीतल्या त्या तळघरात येणाऱ्या घारींच्या जखमा बहुतेक एकाच गोष्टीच्या असतात, मांजाच्या. आणि ही गोष्ट येवला, नाशिक, नागपूर, पुणे, सगळीकडची आहे.

सुती दोऱ्याला काचेची पूड लावलेला मांजा जुना. त्यानेही कापतं, पण सुती दोरा तुटतो आणि पावसात कुजतो. नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि कुजतही नाही. आपण त्याला 'चिनी मांजा' म्हणतो, बनतो मात्र बराचसा इथेच. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. गुजरातेत उत्तरायणाच्या दिवसांत करुणा अभियान चालतं, गल्लोगल्ली पक्ष्यांसाठी तात्पुरते दवाखाने उघडतात, आणि पक्षी घरट्याकडे जायच्या-यायच्या वेळी, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी, पतंग उडवू नका असं सांगतात. पण संक्रांत एक दिवसाची, आणि झाडावर अडकलेला मांजा वर्षभराचा.

हे मी जवळून पाहिलंय. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते, आमच्या बिल्डिंगमागच्या गुलमोहरावर एक घार उलटी लटकलेली दिसली. डाव्या पंखात मांजा. कावळे जमले होते आणि चोची मारत होते. अग्निशमन दलाला फोन केला, पक्षी वाचवणाऱ्या एका ग्रुपला केला. दोघांना यायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ, जवळजवळ दोन तास, आमचे वॉचमन काका गच्चीवर उभे राहून लांब बांबूने कावळे हाकलत होते. दोन-तीन जण खालून म्हणाले, "काका, ऊन लागेल, या खाली." ते म्हणाले, "येतो, ती उतरली की."

शिडी आली. ग्रुपचा पोरगा असेल विशीचा. त्याने वर जाऊन पहिल्यांदा घारीच्या डोक्यावर टॉवेल टाकला. अंधार झाल्याबरोबर ती शांत झाली. मग त्याने मांजा ओढला नाही. दोन्ही बाजूंनी कापला आणि जखमेतला तुकडा जखमेतच राहू दिला. खाली आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "ओढला तर आणखी कापतं दादा. ते डॉक्टर काढतील." पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, ती गेली.

पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, एक पातळ कातडीचा पडदा असतो. उडायला लागणारा ताण तोच धरतो. तो पडदा आणि आतला कंडरा दोन्ही कापले गेले होते. चौथ्या दिवशी ती गेली असा फोन आला.

काका रोज विचारायचे, "साहेब, घार कशी आहे?" त्या दिवशीही विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तोच बांबू, टोकाला वाकवलेली तार बांधलेली, आणि काका झाडांवरचा मांजा ओढून काढतायत. आम्ही चार-पाच जण गेलो मदतीला. दुपारपर्यंत बाजाराची एक मोठी पिशवी भरली.

खोक्याच्या पलीकडे

'एक पक्षी वाचवून काय होतं?' हा प्रश्न त्या वेळी मलाही कोणीतरी विचारलाच. त्याचं उत्तर मला गिधाडांच्या इतिहासात सापडतं.

भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात पाहिलं की गिधाडं माना टाकून बसतात आणि मरतात. एकेक गिधाड उचलून उपचार करून हे थांबणारं नव्हतं, कारण ते का मरतंय हेच कोणाला ठाऊक नव्हतं. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालले. उत्तर पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. २००४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करणारं औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं, आणि ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं. तोपर्यंत फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला.

यात लक्षात घ्या, ते औषध देणाराही दयेनेच देत होता. गाय दुखतेय, तिला आराम पडावा म्हणून.

माझ्या कामातली भाषा वापरायची तर घारीला खोक्यात घालणं म्हणजे पॅच, आणि झाडावरचा मांजा काढणं म्हणजे मूळ बग शोधणं. पण दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतं. विभू प्रकाशांनी मेलेली गिधाडं मोजली म्हणून कारण शोधायला सुरुवात झाली. काका दोन तास गच्चीवर उभे राहिले म्हणून बांबूला तार बांधली गेली. ज्याने एकही पाखरू उचललं नाही, त्याला मांजा दिसतच नाही.

मग पिल्लू दिसलं तर?

इतिहास झाला, आता त्यातून हाताला काय लागतं ते सांगतो.

पहिलं, बघा. पिल्लाला पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते बहुधा पडलेलं नाही. बुलबुल, दयाळ यांची पिल्लं साधारण बारा-पंधरा दिवसांत घरटं सोडतात आणि नीट उडता यायच्या आधी काही दिवस खालीच असतात. आई-बाप जवळच असतात आणि भरवतात. मांजर-कुत्र्यापासून जपा, जवळच्या झुडपात ठेवा, आणि लांब होऊन तासभर नजर ठेवा. तुम्ही शेजारी उभे असाल तर आई येणार नाही.

दुसरं, पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर हळूच परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत चुकीची आहे. वासावरून पिल्लू सोडून देणारे पक्षी हे नाहीत.

तिसरं, रक्त, लोंबणारा पंख, मांजराने धरलेलं, किंवा काचेवर आपटून सुन्न झालेला पक्षी असेल तर पुठ्ठ्याचं खोकं, भोकं, आत जुनं सुती कापड, झाकण बंद, शांत अंधारी जागा. मुलांना दाखवायला सारखं उघडू नका. चोचीत पाणी किंवा दूध घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. आणि दूध पक्ष्याला पचत नाही. त्या म्हाताऱ्याने दूध पाजलं ते उंदरांना!

चौथं, महाराष्ट्रात वनविभागाचा टोल-फ्री नंबर १९२६. सेव्ह करून ठेवा.

पाचवं, घरी वाढवायचा मोह टाळा. एक तर कायद्याने रानातला पक्षी, अगदी पोपटसुद्धा, पाळता येत नाही. आणि दुसरं कारण कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलंय. अंड्यातून निघाल्याबरोबर त्यालाच पाहिलेली हंसाची पिल्लं त्यालाच आई समजून मागे फिरायची. १९७३ चं नोबेल त्याला आणखी दोघांबरोबर मिळालं ते प्राण्यांच्या वागण्याच्या अशा अभ्यासासाठी. बरेच पक्षी लहानपणी 'आपण कोण' हे असंच शिकतात. आपण प्रेमाने वाढवलेल्या पिल्लाला माणसाची भीती राहत नाही, आणि बाहेर गेल्यावर तेच त्याच्या जिवावर येतं.

खंभातच्या त्या इस्पितळाचं आज काय उरलंय, चष्मेवाल्या माणसाचं नाव काय होतं, देल्ला वाल्लेने लिहिलेलं नाही. 'मोठी झाली की सोडून देणार' एवढं त्याचं बोलणं मात्र लिहिलंय.

या भागात इतकंच. तुमच्या आवारात झाडांवर, केबलच्या वायरींवर मांजा अडकलेला असेल तर या रविवारी काढा, विजेच्या तारांपासून मात्र लांब राहा, तिथे वायरमनलाच बोलवा. किती निघाला ते मला कळवा. आणि तुमच्या गावात कोणी जुनं माणूस पक्ष्यांचं औषधपाणी करत असेल, तर त्यांच्याशी बोलून मला लिहून पाठवा. पुढचा एखादा भाग त्यांच्यावर करू.

भेटू पुढच्या भागात.